सेफ ऑन शील्ड

सलग अकरा मॅच मी हरलो होतो. बारावी सुरू करण्याआधी रूममेटने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "तुझी बोटं भारी चालतात रे. पण तू माझ्याकडे बघतच नाहीस. पाठ केलेलं वाजवतोयस."

मला राग आला. दोन महिने रोज रात्री, ऑफिसचा लॅपटॉप मिटल्यावर, मी एकच गोष्ट घोटवत होतो: समोरचा ढाल धरून उभा असताना त्याच्यावर असा दाब कसा ठेवायचा, की त्याला उलटून काही करताच येऊ नये. एकट्याने सराव करताना ते मला दहातून नऊ वेळा जमायचं. आणि हा माणूस मला सांगतो की मी बघत नाही.

त्याच्या बोलण्याचा अर्थ मला त्या रात्री कळला नाही. तो तीन आठवड्यांनी ऑफिसमध्ये कळला, आणि तोवर एका मुलाचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते नुकसान मी केलं होतं. कसं केलं हे सांगायचं तर आधी गेम सांगावा लागेल, कारण माझा प्रश्न मला गेमनेच नीट मांडून दिला.

*

गेमचं नाव 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले'. हो, उच्चार 'मेले' असाच आहे, आणि मराठीत त्याचा जो अर्थ होतो तोच आमच्या फ्लॅटवर दर दोन मिनिटांनी ओरडला जातो. मासाहिरो साकुराई या डिझायनरच्या हाताखाली एचएएल लॅबोरेटरी या जपानी स्टुडिओने तो बनवला आणि २००१ साली निन्टेंडोच्या गेमक्यूबवर तो आला. तो कन्सोल कधीच इतिहासजमा झाला, पण हा गेम आजही खेळला जातो, त्याच्या स्पर्धा भरतात. आमच्याकडे तो आला कारण रूममेट दीड वर्ष अमेरिकेत ऑनसाइट होता. तिथे त्याला हे वेड लागलं आणि परत येताना बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांबरोबर दोन जुने कंट्रोलर आले.

या प्रकारच्या गेमला प्लॅटफॉर्म फायटर म्हणतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर ब्रॉलहाला खेळला असेल. तोही याच कुळातला. नेहमीच्या फायटिंग गेमसारखी इथे हिरवी पट्टी रिकामी होत नाही. मार खाल्ला की तुमचे टक्के वाढतात आणि टक्के जितके जास्त तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. पडद्याच्या हद्दीबाहेर गेलात की एक जीव गेला. स्पर्धेत प्रत्येकाला चार जीव आणि मॅचला आठ मिनिटं मिळतात.

ब्रॉलहालामध्ये वार चुकवावा लागतो, अडवता येत नाही. मेलेमध्ये ढाल आहे. बटण दाबून धरलं की तुमच्या पात्राभोवती एक अर्धपारदर्शक बुडबुडा तयार होतो आणि बहुतेक सगळे वार त्यावर आदळून वाया जातात. ऐकायला सोपं वाटतं, पण या ढालीची एक अट आहे: ती झिजते. वार बसला की झिजतेच, पण नुसती धरून ठेवली तरी झिजते. पूर्ण दाबून धरलेली ढाल, कोणी हातही न लावता, साधारण साडेतीन सेकंदांत संपते. बुडबुडा लहान होत जातो, मग पाय किंवा डोकं बाहेर राहतं आणि तिथे मार बसतो. पूर्ण संपला तर ढाल फुटते, पात्र हवेत उडतं, खाली येऊन गरगरत उभं राहतं, आणि समोरच्याने निवांत येऊन हवं ते करावं.

ढालीआडून करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. समोरच्याला पकडता येतं, उडी मारता येते, बाजूला लोळण घेता येते, जागच्या जागी अंग चोरता येतं. ढाल नुसती खाली करायची तर १५ फ्रेम लागतात. फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १५ फ्रेमचा झाला पाव सेकंद. या गेममध्ये पाव सेकंद म्हणजे दुपारची झोप.

आता हल्ला करणाऱ्याच्या बाजूने बघा. मी ढालीवर वार केला, तो अडला. पण वार करून माझा हात अजून पुढेच आहे, पाय जमिनीवर नुकते टेकलेत, मी काही क्षण अडकलोय. समोरच्याने तेवढ्यात मला पकडलं तर मेलो. बहुतेक पात्रांची उभ्या जागेवरची पकड ७ फ्रेममध्ये लागते. तेव्हा प्रश्न असा: ढालीवर मारूनही त्या पकडीच्या तावडीत सापडू नये असा वार कोणता? अशा वाराला खेळाडू 'सेफ ऑन शील्ड' म्हणतात.

त्याचे ठरलेले उपाय आहेत. एक, अंतर. मार्थसारखं तलवारवालं पात्र तलवारीच्या टोकाने मारतं आणि पकड पोहोचेल त्याच्या बाहेर राहतं. दोन, वेळ. हवेतून येताना वार आधी न करता अगदी जमिनीवर टेकता टेकता करायचा, म्हणजे वार आणि सुटका यांतला वेळ कमी होतो. शिवाय टेकण्याआधीच्या ७ फ्रेममध्ये ढालीचं बटण दाबलं तर अडकून पडण्याचा वेळ निम्मा होतो. याला एल-कॅन्सल म्हणतात. तीन, बाजू. वार करत करत समोरच्याच्या पाठीमागे उतरायचं, कारण पकड पुढेच लागते. आणि चार, फॉक्स. या कोल्ह्याकडे शाइन नावाची चाल आहे. निळी षटकोनी चमक, पहिल्याच फ्रेमला लागते आणि उडी मारून ती अर्ध्यात सोडता येते. मग हवेतून लाथ, शाइन, उडी, पुन्हा लाथ, पुन्हा शाइन. समोरचा ढालीआड बसून राहतो आणि ढाल झिजत जाते.

मी हेच घोटवलं होतं. आणि रूममेट मला हेच करताना दर वेळी पकडत होता.

कारण त्या माळेत फट आहे. शाइननंतर उडी घेऊन पुढची लाथ लागेपर्यंत काही फ्रेम जातात. फट बारीक आहे, पण आहे. माझी लय त्याला माहीत झाली की तो त्या फटीत हात घालणार. फट बुजवता येत नाही, फक्त लपवता येते: कधी लाथ उशिरा, कधी लाथेऐवजी पकड (ढालीवर पकड चालतेच), कधी काहीच न करता मागे सरकून थांबायचं, म्हणजे त्याची पकड हवेत जाते आणि तो अडकतो. पण यांतलं काय, कधी? ते ठरवायला समोरच्याकडे बघावं लागतं. हा घाबरला की पकडतो, की उडी मारतो, की लोळतो, की नुसता धरून बसतो? दोन वारांमागे काय केलं होतं? आता वैतागलाय का?

म्हणजे मेलेमध्ये 'सेफ' हा वाराचा कायमचा गुण नसतो. तुम्ही समोरच्याकडे लक्ष देत असाल तोवरच तुम्ही सुरक्षित असता. लक्ष उडालं की तीच चाल, त्याच फ्रेम, आणि तुम्ही मेले. रूममेट मला हेच सांगत होता.

*

आता ऑफिस.

आमच्या टीममध्ये लातूरकडचा एक मुलगा आला होता, कॉलेजातून थेट. त्याचं काम बघून द्यायची जबाबदारी माझ्यावर होती. आमच्याकडे कोणीही लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. त्याचा कोड मी वाचायचो, त्यावर ओळीओळीला कॉमेंट टाकायचो, तो दुरुस्त करायचा, मी पुन्हा वाचायचो.

त्याच्या एका कामावर मी ४३ कॉमेंट टाकल्या. हा आकडा मला पाठ आहे कारण नंतर मी बसून मोजल्या. त्यांतली एकही चुकीची नव्हती. हेच तर या गोष्टीतलं मुख्य आहे. 'हे व्हेरिएबल काय सांगतं?' 'इथे एरर आली तर?' 'अशीच पद्धत का निवडली, फक्त विचारतोय.' काहींच्या आधी 'निट' असा शब्द असायचा, म्हणजे बारीकसारीक, मनावर घेऊ नये. मराठीतल्या 'नीट'शी त्याचा संबंध नाही, पण निरोप तोच पोहोचतो: नीट लिही. तो सगळं दुरुस्त करायचा. मग मी दुरुस्तीवर कॉमेंट टाकायचो. सहा फेऱ्या झाल्या. दर फेरीनंतर चॅटवर त्याचा एकच निरोप यायचा: "दादा, आता बघता का?"

सहा फेऱ्यांमध्ये त्याने एकदाही म्हटलं नाही की दादा, तुमचं इथे चुकतंय. मला वाटायचं, मुलगा समजूतदार आहे, पटकन घेतो. आता कळतं, तो ढाल धरून बसला होता.

मग त्याचं काम यायचं कमी झालं. स्टँडअपला "चालू आहे" एवढंच. दोन दिवसांचं काम आठवडाभर उघडंच राहायचं नाही. मला वाटलं, आळस. आणि एका सोमवारी मॅनेजरने सांगितलं की त्याने दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली आहे. कारण काय दिलं? "तिकडे शिकायला मिळेल." मॅनेजर म्हणाला, "मी खोदून विचारलं तर म्हणाला, मला कोड उघडला की हात थरथरतात."

मेलेमध्ये जिगलीपफ नावाचं एक गोल गुलाबी पात्र आहे. बाकी कोणाची ढाल फुटली तर ते गरगरत उभं राहतं. जिगलीपफची ढाल फुटली की ती सरळ वर उडते, आणि बहुतेक मैदानांवर पडद्याच्या वरच्या हद्दीबाहेर जाऊन तिचा जीवच जातो. ढालीवर दाब तेवढाच असतो, फुटण्याची रेषाही तीच. पुढे काय होणार ते मात्र समोर कोण आहे यावर ठरतं. हे मला गेममध्ये माहीत होतं. जिगलीपफसमोर मी वेगळा खेळायचो. ऑफिसमध्ये मी एकदाही पाहिलं नाही की समोर कोण आहे.

*

यावर एक सरळ निष्कर्ष काढता येईल: दाब टाकणंच वाईट, सांभाळून घ्या, गोड बोला. मला तो पटत नाही, आणि गेममुळेच पटत नाही.

नवीन माणूस मेले खेळायला बसला आणि त्याला कोणी ढालीत कोंडून मारलं की तो म्हणतो, ही काय चीटिंग. डेव्हिड सर्लिन हा फायटिंग गेमचा खेळाडू आणि डिझायनर. त्याचं 'प्लेइंग टू विन' हे पुस्तक अशाच तक्रारीला उत्तर देतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गेमच्या नियमांत बसणाऱ्या चालीला हलकट ठरवणारा खेळाडू गेम खेळतच नसतो. स्वतः बनवलेले जादाचे नियम खेळत असतो. मला हे मान्य आहे. रूममेटने मला मुद्दाम दोन मॅच जिंकू दिल्या असत्या तर तो माझा अपमान झाला असता. पूर्ण ताकदीने खेळणं हा मान आहे.

मग गेममध्ये जो मान आहे तोच ऑफिसमध्ये मार कसा झाला? बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' या १९७८ च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे: अनावश्यक अडथळे पार करण्याचा, आपल्या इच्छेने केलेला प्रयत्न. यांतला 'आपल्या इच्छेने' हा भाग ऑफिसमध्ये लगेच गळतो. तो मुलगा माझ्यासमोर हौसेने बसला नव्हता. नोकरी होती, प्रोबेशन होतं, घरी पहिला पगार जायला लागला होता. कंटाळा आला म्हणून तो कंट्रोलर खाली ठेवू शकत नव्हता. आठ मिनिटांनी मॅच संपणार नव्हती.

पण मला वाटतं, फरक याहून खोल आहे. इच्छेने स्वीकारलेल्या नात्यातही माणसं एकमेकांवर असाच दाब टाकतात. लग्नात टाकतात, मैत्रीत टाकतात. 'मी काय वाईट बोललो? मी तर फक्त विचारलं' हे वाक्य तुम्ही कोणाकडून तरी ऐकलं असेल, किंवा स्वतः म्हटलं असेल. तो सेफ ऑन शील्ड वार आहे. त्यातला एकही शब्द पकडीत सापडत नाही.

थॉमस हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन'मध्ये माणसं समान का, याचं एक रोखठोक कारण दिलं. सगळी माणसं सारखी बलवान किंवा हुशार आहेत असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, सगळ्यांत दुबळा माणूसही सगळ्यांत बलवानाला मारू शकतो, कटाने किंवा इतरांशी हात मिळवून. समानतेचा पाया काय, तर प्रत्येकाला इजा होऊ शकते. शाळेत शिकलेल्या समानतेपेक्षा ही बरीच कोरडी आहे, पण मेलेमधली समानता अगदी अशीच आहे. मी कितीही चांगला खेळलो तरी माझ्या माळेत फट राहतेच आणि समोरच्याकडे सात फ्रेमची पकड असतेच. त्या फटीमुळेच मला त्याच्याकडे बघावं लागतं. म्हणजे माझ्या असुरक्षिततेमुळे त्याला माझं लक्ष मिळतं.

ऑफिसमध्ये माझ्या माळेत फट नव्हती. तो माझ्या कॉमेंटला खोडून काढू शकत होता का? तांत्रिकदृष्ट्या हो, खाली उत्तर लिहायची जागा होती. पण मी सहा वर्षांचा अनुभवी, तो सहा महिन्यांचा. त्याच्या मूल्यमापनात माझं मत जाणार होतं, माझ्या मूल्यमापनात त्याचं नाही. त्याने पकडायचा प्रयत्न केला असता तरी माझं काही बिघडलं नसतं. त्यामुळे मला त्याच्याकडे बघायची कधी गरजच पडली नाही. मी डोळे मिटून लाथ, शाइन, लाथ, शाइन करत राहिलो आणि दर वेळी ते लागलं.

सुरक्षितता दोन तऱ्हेची असते, असं मला आता वाटतं. एक समोरच्याकडे लक्ष देऊन क्षणाक्षणाला मिळवावी लागते. दुसरी पदामुळे, वयामुळे, पैशामुळे आयतीच हातात असते. पहिलीत मी समोरच्याला ओळखत जातो. दुसरीत मला त्याची ओळखच लागत नाही. सत्ता म्हणतात ती बहुतेक हीच: समोरच्याकडे न बघता सुरक्षित राहण्याची सोय. ती वापरायला क्रूर असावं लागत नाही. मी क्रूर नव्हतो. मी त्याला एकदाही ओरडलो नाही. मी फक्त बरोबर होतो, ४३ वेळा.

*

एका सहकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे काय, चुकीचा कोड जाऊ द्यायचा? रात्री तीनला सिस्टिम पडली तर तू उठणार का?" रास्त प्रश्न आहे. त्या मुलाच्या कोडमध्ये खरोखर चुका होत्या आणि त्यांतल्या चारपाच तरी महागात पडल्या असत्या. दाब हवाच होता. माझा प्रश्न दाब किती हा नाही. दाब टाकणारा स्वतः कुठे उभा आहे, हा आहे.

इथे कबड्डी आठवते. चढाई करणारा सात जणांवर दाब टाकतो, पण त्यासाठी त्याला मध्यरेषा ओलांडून त्यांच्या अंगणात एकट्याने जावं लागतं, तेही 'कबड्डी कबड्डी' म्हणत, एका दमात. रेषेच्या अलीकडे उभं राहून कोणाला गडी बाद करता येत नाही. आणि चढाईपटू नुसताच जाऊन सुरक्षित परत येत राहिला तर? प्रो कबड्डीत त्यावर नियम आहे: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. गुण आणला नाही तर तोच बाद. हा नियम चढाई करणाऱ्याला सांगतो, की दाब टाकायचा असेल तर स्वतःचं काहीतरी पणाला लाव.

आणि गंमत अशी, की मेले हा गेम जगात वेळेवर आला त्यात एका वरिष्ठाने केलेल्या कोड रिव्ह्यूचा वाटा आहे. २००१ मध्ये गेममध्ये बग इतके होते की ठरलेल्या तारखेला तो बाहेर पडेल की नाही अशी शंका होती. सातोरू इवाता हे आधी एचएएलचे अध्यक्ष होते आणि तेव्हा निन्टेंडोमध्ये वरच्या पदावर होते. पुढच्याच वर्षी ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. ते स्वतः एचएएलमध्ये जाऊन बसले. प्रोग्रामरांच्या शेजारी बसून कोड वाचला, बग शोधले, स्वतः दुरुस्त केले. तीन आठवड्यांत गेम तयार झाला. प्रत्यक्ष कामाच्या जागी बसून इंजिनिअर म्हणून केलेलं आपलं ते शेवटचं काम, असं त्यांनी नंतर सांगितलं होतं.

त्या तीन आठवड्यांत दाब कमी असेल असं मला वाटत नाही. तारीख डोक्यावर होती आणि समोर बसलेला माणूस अध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर होता. पण शेजारी बसून कोड दुरुस्त करणाऱ्या माणसाची चूकही सगळ्यांना दिसते. त्याने केलेली दुरुस्ती चालली नाही तर ती त्याच्याच स्क्रीनवर फुटते. तो रेषा ओलांडून आलेला असतो. मी ४३ कॉमेंट माझ्या खुर्चीतून टाकल्या होत्या. आमच्या खुर्च्यांमध्ये फार तर बारा पावलं असतील.

*

आता मी थोडं वेगळं करतो. नवीन कोणी आलं की आधी माझा कोड त्याला वाचायला देतो, तोही नुकताच लिहिलेला, खरकटा. कॉमेंट टाकताना हे बदलावंच लागेल आणि हे माझं मत आहे, असं वेगळं करून लिहितो. मत असेल तर कारणही लिहितो, म्हणजे खोडून काढायला समोरच्याच्या हातात काहीतरी राहतं. दोन फेऱ्यांनंतरही मिटलं नाही तर उठून बारा पावलं चालतो.

याने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. मी कितीही रेषा ओलांडल्या तरी मूल्यमापनात मत माझंच जाणार आहे. ज्युनियर "चालेल दादा" म्हणतो तेव्हा ते पटलेलं 'चालेल' आहे की ढालीआडचं, हे मला आजही दर वेळी ओळखता येत नाही. फट मी माझ्या मर्जीने उघडली आहे आणि मर्जी फिरली तर मीच ती बंद करू शकतो. हॉब्जची समानता अशी नव्हती. तिथे इजा होण्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. म्हणून चांगल्या सीनियरवर भिस्त ठेवण्यापेक्षा कबड्डीसारखा नियमच असावा, असं मला वाटतं: वाचणाऱ्याचंही मूल्यमापन ज्याचा कोड वाचला त्याने करावं. हे मी मॅनेजरला सुचवलं आहे. तो म्हणाला, बघू. त्याचा तो 'बघू'ही सेफ ऑन शील्ड होता.

रूममेटबरोबर अजून खेळतो. बाराव्या मॅचनंतरही बऱ्याच हरलो. मग एका रात्री माझ्या लक्षात आलं की त्याची ढाल अर्ध्यावर आली की तो डावीकडे लोळतो. दर वेळी नाही, पण मागच्या वेळी पकड फसली असेल तर नक्की. मी शाइननंतर लाथ मारलीच नाही. दोन पावलं डावीकडे जाऊन थांबलो. तो लोळत थेट माझ्या पुढ्यात आला. मॅच तरीही तोच जिंकला, पण मधेच हसून म्हणाला, "आता बघतोयस."

त्या लातूरच्या मुलाला मी महिनाभराने मेसेज केला. तीनदा लिहून खोडला. शेवटी एवढंच पाठवलं: तुझ्या कोडपेक्षा माझ्या रिव्ह्यूमध्ये जास्त चुका होत्या, सॉरी. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "अहो दादा, त्यात काय एवढं. तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं 🙏"

मी ते बराच वेळ वाचत बसलो. हे मनापासून आहे की अजूनही ढालच आहे, ते कळायला मार्ग नव्हता. आणखी एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं कदाचित. 'खरं सांग, राग आलाय का?' अगदी साधा, काळजीचा, कोणालाही चूक म्हणता येणार नाही असा प्रश्न.

मी तो टाइप केला, आणि खोडला.